एकोणतीस सेकंद

सोपान, त्या दिवशी तुझे पाय गेले नव्हते. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तिसऱ्या कोणालाही मी आजपर्यंत कळू दिलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या मॅरेथॉनला तू सहा तासांच्या मुदतीला एकोणतीस सेकंद उशिरा पोचलास. लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, अडतिसाव्या किलोमीटरनंतर सोपानचे पाय गेले, मी त्याला थांबत थांबत आणलं. ते खोटं होतं. थांबलो होतो मी. तू माझ्यासाठी थांबलास.

काल तुझा तेरावा झाला. आज सकाळी केदारचा मेसेज आला: "विवेक, ग्रुपच्या अंकासाठी सोपानरावांवर दोन परिच्छेद दे. तूच सगळ्यात जवळचा. जरा इन्स्पायरिंग लिही." केदार म्हणजे आपल्या रविवारच्या पळणाऱ्या ग्रुपचा सर्वेसर्वा. त्याला मेलेल्या माणसाकडूनही प्रेरणा लागते. मी हो म्हणालो. तर हे ते दोन परिच्छेद. जरा लांबणार आहेत. छापायचे की नाही ते त्यानं बघावं.

तू पहिल्यांदा आलास तो पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत, शाळेच्या पीटीला असतात तसल्या. आम्ही खराडीतल्या आयटीवाल्यांची दहा-बारा डोकी, प्रत्येकाच्या मनगटावर उपग्रहाशी बोलणारं घड्याळ. तुझ्या मनगटावर काट्यांचं, स्टीलच्या पट्ट्याचं. केदारनं विचारलं, "तुमचा पेस काय?"

"पेस म्हंजे?"

"एक किलोमीटरला किती मिनिटं लागतात?"

"पळून झाल्यावर सांगतो की. आदीच कसं सांगू?"

सगळे हसले. मीही हसलो. तू हसला नाहीस, कारण तू विनोद केलाच नव्हतास.

पहिले दोन महिने तू मला सर म्हणायचास आणि मी तुला अहो सोपानराव. तू माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. एका रविवारी चढावर तूच म्हणालास, "अरे-तुरे कर बाबा. पळताना अहो-जाहो केलं की दम लागतो." मी तुला अरे-तुरे करायला लागलो. तू सर सोडलंस, पण मी शेवटपर्यंत तुझ्यासाठी विवेकरावच राहिलो. ह्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. तू अंतर मोजायचास, आणि ते तुझ्या पद्धतीनं मोजायचास.

माझं ऑफिस जिथे आहे ती तुमची जमीन होती हे तू मला फार उशिरा सांगितलंस, आणि तेही सहज, बुटाची नाडी बांधताना. "चौथ्या मजल्यावर बसतोस ना? बरोबर तुझ्या खुर्चीखाली आमची विहीर हाय. म्हणून तुमच्यात एसी एवढा गार."

घड्याळावरून आपली भांडणं किती झाली. नदीकडच्या पुलापासून पेट्रोल पंपापर्यंत दोन किलोमीटर आहेत, असं तुझं म्हणणं. माझं घड्याळ एक दिवस एक पॉइंट चौऱ्याण्णव म्हणायचं, दुसऱ्या दिवशी दोन पॉइंट शून्य तीन. तू गंभीर चेहरा करून विचारायचास, "काल रस्ता आखूड होता का मग?" मी तुला समजावायचो की उंच इमारतींमुळे सिग्नल उड्या मारतो. तू म्हणालास, "म्हंजे आमच्या रानात इमारती बांधल्या तुमीच, अन् आता त्याच तुमच्या आड येत्यात."

माझ्या घड्याळात एक सोय होती. माणूस थांबला की घड्याळही आपोआप थांबतं, तो पळायला लागला की पुन्हा चालू होतं. बायपासच्या चौकात सिग्नलला दोन-दोन मिनिटं उभं राहावं लागतं, तो वेळ धरला की सरासरी बिघडते, आणि ॲपवर सगळा ग्रुप एकमेकांची सरासरी बघत असतो. म्हणून मी ती सोय कायम चालू ठेवायचो. जवळपास सगळेच ठेवतात. एकदा सिग्नलला उभे असताना मी तुला ते कौतुकानं दाखवलं. तू तुझ्या काट्यांकडे बघितलंस आणि म्हणालास, "माझं बिचारं मी थांबलो तरी चालतच ऱ्हातं."

स्पर्धेच्या दिवशी ती सोय बंद करायची असते. हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. मी तर लोकांना शिकवायचो.

तुला पूर्ण मॅरेथॉन का करायची होती, हे तू फक्त मला सांगितलंस असं मला वाटतं. आदल्या वर्षी तू एकटाच उतरला होतास, सुरुवातीला सुसाट सुटलास आणि तिसाव्या किलोमीटरला रिक्षात बसून घरी आलास. केदार त्यावर म्हणाला होता, "गाववाल्यांचं हेच. सुरुवातीला उधळायचं आणि मग बसायचं." तू तेही ऐकून घेतलंस. मग एकदा टपरीवर चहा पिताना म्हणालास, "आज्यापासून सातबाऱ्यावर नाव होतं आमचं. जमीन विकली. आपणच विकली, कोणी लुबाडली नाय. पण तलाठ्यानं नाव कमी करताना कंसात टाकलं ना, तो कागद बघवंना. एकदा कुठंतरी धड नाव यावं वाटतं. तुमच्या त्या निकालाच्या यादीत येतं तसं. नाव, वय, वेळ. कंसात नाय."

मी म्हणालो, "येईल. मी आणतो तुला."

सहा महिने मी तुला शिकवलं. सहा तासांची मुदत, बेचाळीस किलोमीटर, म्हणजे एका किलोमीटरला सव्वाआठ मिनिटं धरली की बारा मिनिटं हातात राहतात. सव्वाआठ. तू ते अंगात मुरवलंस. चौथ्या महिन्यात तू माझ्या घड्याळाकडे न बघता आठ-चौदा, आठ-सोळा, आठ-पंधरा असे किलोमीटर काढायला लागलास. उपग्रहाला जमत नव्हतं ते तुझ्या पावलांना जमत होतं. मी ग्रुपमध्ये सांगायचो, "बघा, कसा तयार केला." खरं सांगायचं तर तू माझ्यापेक्षा जोरात पळू शकत होतास. माझ्या बरोबरीनं राहण्यासाठी तू स्वतःला आवरायचास. हे मला तिसऱ्याच आठवड्यात कळलं होतं आणि मी ते शिकवण्याचं यश म्हणून खपवलं.

आणि त्या सहा महिन्यांत तू मला काय दिलंस त्याचा उच्चार मी कधी केला नाही, तो आत्ता करतो. त्या उन्हाळ्यात आमच्या कंपनीत माणसं काढत होते. माझं नाव यादीत आहे असं कोणीतरी कुजबुजलं होतं. एका रविवारी मी सोळा किलोमीटर एक शब्द न बोलता पळालो, आणि तूही बोलला नाहीस. शेवटी पाण्याची बाटली पुढे केलीस आणि म्हणालास, "आज श्वास लई वरवर चाललाय तुझा. घरी काय हाय का?" मी म्हणालो, काही नाही. तू म्हणालास, "बरं. मंगळवारी पण येतो मी." आणि मंगळवारी आलास. त्यानंतर प्रत्येक मंगळवारी आलास, माझं नाव यादीत नाही हे कळेपर्यंत. मग मंगळवारचं येणं तू आपणहून बंद केलंस. मी एकदाही आभार मानले नाहीत. आपल्यात ते बसत नव्हतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आता त्या दिवसाबद्दल.

पहाटे गाडी लावून आपण बाहेर पडलो. तू मनगटावर तुझं घड्याळ बांधलं होतंस. मी म्हणालो, "हे काढ. दोन घड्याळं असली की माणूस दोन्हींचं ऐकत नाही."

"मग टाइम कोणाचा धरायचा?"

"माझा."

तू काढलंस. मी ते डॅशबोर्डच्या खणात ठेवलं. वर तुला नियम सांगितले: माझी बाजू सोडायची नाही. मी थांबलो तर थांबायचं, निघालो की निघायचं. आणि शेवटपर्यंत सव्वाआठ, शेवटच्या किलोमीटरला कितीही जोर आला तरी सव्वाआठ. तू मान हलवलीस. तुझा चष्माही तू गाडीतच ठेवलास, घामानं घसरतो म्हणून.

झेंडा दाखवायला जे पाहुणे येणार होते ते उशिरा आले. नक्की किती वाजता निघालो हे आपल्या दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. मला त्याची गरजही वाटली नाही. मनगटावर सगळं होतं.

अठराव्या किलोमीटरला माझं पोट बिघडलं. मोबाइल टॉयलेटपुढे रांग होती. तू बाहेर जागच्या जागी पाय हलवत उभा राहिलास. सत्ताविसाव्याला, वाघोलीच्या पुढून वळून परत येताना, माझी पोटरी धरली. तू रस्त्याच्या कडेला खाली बसून अंगठ्यानं ती शीर दाबलीस आणि म्हणालास, "बैलाचा पाय असाच मोकळा करत्यात. फक्त बैल ओरडत नाय." तेहतिसाव्याला पुन्हा तेच. पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी मी थांबून पाणी प्यायचो, कारण चालताना प्यालं की मला ठसका लागतो. तू चालता चालता प्यायचास, दहा पावलं पुढे जायचास आणि नियम आठवून मागे यायचास. माझं घड्याळ प्रत्येक वेळी गुपचूप थांबत होतं. निघालो की मी मनगटाकडे बघायचो: सव्वाआठ. सगळं हिरवं.

छत्तिसाव्याला तू विचारलंस, "किती वाजले?"

"वाजले किती ते सोड. गेलेला वेळ बघायचा. चार सत्तावन्न. बारा मिनिटं हातात आहेत."

"सावली बघ की. दहाला टेकली ही."

"सावलीवर मॅरेथॉन पळतात का?"

"लगीन लागायचं सावलीवर. पळायला काय झालं?"

"सोपान, घड्याळ खोटं बोलतं का?"

"घड्याळ नाय बोलत," तू म्हणालास. मग थोडं पुढे गेल्यावर, हळूच, "जरा रेटायचं का? माझ्या पायात हाय अजून."

एक बटण दोनदा दाबलं असतं तर खरी वेळ दिसली असती. बोटं घामानं ओली होती, आणि मला गरज वाटली नाही. मी म्हणालो, "प्लॅन मोडायचा नसतो." रेटायला माझ्यात काही उरलं नव्हतं, म्हणून मी तसं म्हणालो. तू सव्वाआठनं पळत राहिलास.

शेवटच्या वळणावर कमान दिसली. चारशे मीटर. कमानीवरचं मोठं लाल घड्याळ पाच सत्तावन्न दाखवत होतं. माझ्या मनगटावर पाच चव्वेचाळीस. आधी मला वाटलं, आयोजकांचं चुकलंय. मग काय झालं होतं हे मला एका क्षणात कळलं. प्रत्येक थांबा डोळ्यांपुढे आला. माझा प्रत्येक थांबा.

तू माझ्या डाव्या हाताला होतास, पाऊलभर मागे. तुला कमान दिसत होती, आकडे दिसत नव्हते. मी तुला "पळ" म्हणालो नाही. एवढं म्हणायला किती दम लागतो? मी तेवढाही खर्च केला नाही. मी पळालो. ज्या पायांत काही उरलं नाही म्हणून तुला अडवलं होतं त्याच पायांनी पळालो, आणि चोवीस सेकंद राखून आत गेलो. एका मुलीनं माझ्या गळ्यात मेडल घातलं.

मग मी मागे बघितलं. तू येत होतास. ताठ, एकसारखा, एकही पाऊल लांब न टाकता. सव्वाआठ. मी शिकवल्याप्रमाणे, माझ्या शब्दाखातर, बारा मिनिटं हातात असल्यासारखा. हातसुद्धा वर केलास. मी फोटोसाठी पुढे पळालो असं तुला वाटलं असणार. भोंगा वाजला. दोन स्वयंसेवकांनी जमिनीवरची वेळ नोंदवणारी पट्टी उचलून गुंडाळायला घेतली. तू त्या गुंडाळीवरून पाय टाकून आलास. "आलो की," म्हणालास. मग जवळून वर बघितलंस.

"हे बरोबर हाय?"

"हो," मी म्हणालो.

त्यानंतर मिसळीच्या हॉटेलात सगळा ग्रुप जमला. केदारनं तुझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काय सोपानराव, पुन्हा उधळलात?" तू पाव मोडत होतास. तू तोंड उघडायच्या आत मी बोललो. पाय गेले, अडतिसाव्यानंतर, मी थांबत थांबत आणलं. ते वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. पण इतकं सफाईनं आलं की आत कुठेतरी तयारच असणार. लोकांना ते लगेच पटलं. गाववाल्यांचं हेच असतं, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. मी फक्त त्यांच्या समजुतीला पुरावा दिला.

तू वर बघितलंस. माझ्याकडे. मग म्हणालास, "व्हय. गेले पाय." आणि वेटरला तर्री मागितलीस.

संध्याकाळी घरी मी ते पळणं ॲपवर चढवलं. तिथे दोन आकडे येतात, पळण्याचा वेळ आणि एकूण वेळ. दोन्हींत बारा मिनिटं वीस सेकंदांचा फरक होता. नकाशावर थांबल्याच्या जागा दिसत होत्या. त्या सगळ्या माझ्या होत्या. मी ते "फक्त मला दिसेल" असं करून ठेवलं आणि ग्रुपवर लिहिलं, बॅटरी गेली, रेकॉर्ड झालं नाही. लोकांनी रडक्या चेहऱ्यांच्या इमोजी टाकल्या. माझ्या बॅटरीसाठी.

निकाल लागला. यादीत माझं नाव, वय, वेळ. तू तुझं नाव शोधलंस का, हे मी विचारलं नाही.

तुला त्यांनी नाव दिलं, एकोणतीस. "या एकोणतीस, आज वेळेवर?" "एकोणतीसला आधी चहा द्या, नाहीतर उशीर होईल." तू हसायचास. सोपान, मीही एकदा तसं म्हणालो. सगळे म्हणत होते, मी एकटा म्हणालो नसतो तर ते दिसून आलं असतं. त्या वेळी तू हसला नाहीस, तुला आठवत असेल. तिथून तुझं येणं कमी झालं. आधी सांध्यांचं कारण, मग मुलाच्या दुकानाचं. पुढच्या वर्षीची नावनोंदणी सुरू झाल्यावर मी तुला फोन केला, ह्या वेळी नक्की करू म्हणालो. तू म्हणालास, "आता नको. एकदा बघितलं ना." काय बघितलं, हे मी विचारायला हवं होतं.

आणि आता मला तुझा राग आहे, तोही लिहून टाकतो. तू का गप्प बसलास? चारचौघांत "हा खोटं बोलतोय" म्हणाला असतास तर मी महिनाभर तोंड लपवलं असतं आणि मोकळा झालो असतो. तू "व्हय, गेले पाय" म्हणालास आणि मला कायमचा बांधून ठेवलंस. मला तुझा मोठेपणा नको होता. की तो मोठेपणा नव्हताच? ज्या माणसानं तुझं घड्याळ काढून घेतलं त्याच्याशी वेळेवरून वाद घालण्यात अर्थ नाही, असं तुला वाटलं असेल. किंवा तुला माझी लाज वाटली असेल. आपण ज्याला जवळचा म्हणतो तो चारचौघांत उघडा पडू नये, म्हणून लोक असं करतात. तू कशासाठी केलंस ते मला कधी कळणार नाही, आणि हे तू मुद्दाम केलंस असं मला वाईट वेळी वाटतं.

तुझं पोटाचं दुखणं निघालं तेव्हा मी हॉस्पिटलमध्ये दोनदा आलो. पहिल्यांदा खोलीत माणसं होती, म्हणून बोललो नाही, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्यांदा दुपारची वेळ होती, शालनवहिनी डबा धुवायला गेल्या होत्या, खोलीत आपण दोघंच. तू इतका बारीक झाला होतास की चादरीखाली माणूस आहे हे लक्षात यायला वेळ लागत होता. मी खुर्ची ओढली. म्हणालो, "सोपान, त्या दिवसाबद्दल एक सांगायचं होतं."

तू डोळे उघडलेस. म्हणालास, "त्या दिवशी शेवटाला तू पळालास ना, विवेकराव. चांगला पळालास. तेवढा मोकळा तुला मी कवाच बघितला नव्हता."

तुझ्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग तू विचारलंस, "काय सांगणार होतास?" आणि मी म्हणालो, "काही नाही, नंतर बोलू." तेवढ्यात वहिनी आल्या. त्यांनी मला चहा दिला. मी तो प्यालो. तुला चिमटा काढायचा होता की खरंच तसं वाटलं होतं, ह्यावर मी गेले तीन आठवडे विचार करतोय. दोन्ही असेल तर सगळ्यात वाईट.

काल तेराव्याला मी तुझ्या घरी जेवलो. पंगतीत वहिनींनी स्वतः वाढलं. जेवण झाल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. भिंतीवर तुझा छातीवरचा नंबर चौकट करून लावला आहे. सेफ्टी पिनांची भोकं तशीच आहेत, आणि नंबराखाली तुझं नाव छापलेलं आहे. पळायच्या आधीच ते छापून देतात, पैसे भरले की कोणालाही देतात, हे मी बोललो नाही. वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी स्वतः लावलं. म्हणाले, नाव आलंय, राहू दे." मग म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून तेवढं तरी झालं. पाय गेल्यावर दुसऱ्यानं टाकून दिलं असतं. आम्ही विसरणार नाही."

मी त्यांच्यापुढे हात जोडले. सोपान, मी हात जोडले आणि बाहेर आलो आणि चपला शोधायला लागलो.

घरी येऊन मेडल काढून बघितलं. परत करावं असं मनात आलं. आयोजकांना पत्र लिहून, माझं नाव यादीतून काढा असंही कळवावंसं वाटलं. मग ते सोडून दिलं. माझं नाव काढल्यानं तुझं येत नाही, आणि लोकांनी पुन्हा माझंच कौतुक केलं असतं, बघा किती प्रामाणिक. त्याऐवजी दोन वर्षं लपवून ठेवलेलं ते पळणं आज सकाळी ॲपवर सगळ्यांना दिसेल असं केलं. ज्याला बघायचं त्यानं बघावं. दोन्ही वेळा तिथे आहेत, माझे सगळे थांबे आहेत, आणि शेवटचे चारशे मीटर मी कसे पळालो तेही आहे. केदारला वाटलं तर ह्यातून प्रेरणा घ्यावी.

ग्रुपला जे सांगायचं होतं ते सांगून झालं. तुला सांगायची वेळ मी घालवली, ती परत येणार नाही.

शालनवहिनी हा अंक वाचत नाहीत, आणि ॲप त्यांच्याकडे नाही. त्यांच्या समोर बसून, तुझे पाय शेवटपर्यंत शाबूत होते आणि शेवटच्या वळणावर तुला टाकून मी पळालो, हे माझ्या तोंडानं त्यांना सांगणं अजून बाकी आहे.